मानसिक आरोग्य सेवा सुधारायच्या, तर आजारातून गेलेल्यांना का विचारावं लागतं?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं विसावं कलम वाचताना दोन ओळींपाशी वाचणारा थबकतो. मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असलेल्या माणसाचं सक्तीनं मुंडण करता येणार नाही, ही एक ओळ. त्याची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावेत, संस्थेचा गणवेश लादू नये, ही दुसरी. त्याच कलमात असंही म्हटलंय की, त्याच्याकडून सक्तीनं काम करून घेऊ नये, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा आणि दाखल असलेल्या महिलांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाव्यात.

देशाच्या संसदेला इतक्या बारीक गोष्टी कायद्यात का लिहाव्या लागल्या? कारण त्या घडत होत्या. आणि डॉक्टरांच्या खुर्चीतून त्या फारशा दिसत नव्हत्या. वॉर्डाच्या दृष्टीनं मुंडण म्हणजे उवांचा बंदोबस्त, गणवेश म्हणजे धुलाईची सोय. ज्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो, त्याच्यासाठी मात्र तो आयुष्यभर लक्षात राहणारा अपमान असतो. औषधाचा डोस बरोबर असूनही उपचार नकोसे का होतात, याचं उत्तर अनेकदा अशा गोष्टींत सापडतं. ते उत्तर तिथं राहून आलेला माणूसच देऊ शकतो.

जगभरात गेली काही दशकं एक मागणी जोर धरते आहे. मानसिक आजाराचा अनुभव घेतलेल्या माणसांना सेवा आखण्यात, चालवण्यात आणि तपासण्यात वाटा द्या. इंग्रजीत याला ‘लिव्ह्ड एक्सपिरियन्स’ म्हणतात आणि सोशल मीडियावर हा शब्द आता सर्रास दिसतो. मराठीत ‘स्वानुभव’ हा शब्द पुरेसा आहे. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत तर त्याहून गोड शब्द रुजलेत. आजारातून जाणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. हे दोन शब्द वेगळे आहेत हे लक्षात ठेवलेलं बरं. पुढे कायद्यात नेमका याच फरकाचा घोळ होतो.

ही कल्पना नवी नाही

१८१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची गोळी घालून हत्या झाली. त्यांचा मुलगा जॉन पर्सिव्हल पुढे मनोविकारानं आजारी पडला आणि त्याला इंग्लंडमधल्या खासगी वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यात आलं. बाहेर आल्यावर त्यानं तिथल्या वागणुकीबद्दल पुस्तक लिहिलं आणि १८४५ मध्ये अशाच अनुभवातून गेलेल्या लोकांसोबत एक संघटना उभी केली. वेडे ठरवले गेलेल्यांच्या मित्रांची संघटना, असा तिच्या नावाचा अर्थ. पंतप्रधानाच्या मुलाचं म्हणणंही तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

साठेक वर्षांनी अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स या येल विद्यापीठातल्या पदवीधरानं तेच केलं. तो तीन संस्थांमध्ये राहिला होता आणि मारहाण, कोंडून ठेवणं त्यानं अनुभवलं होतं. १९०८ मध्ये त्यानं आत्मकथन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी त्याच्या पुढाकारानं राष्ट्रीय पातळीवरची मानसिक आरोग्य समिती स्थापन झाली. बिअर्स हुशार होता. त्यानं डॉक्टरांशी भांडण मांडलं नाही, नामवंत मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर सोबत घेतले. त्याचा फायदा झाला आणि तोटाही. समिती मोठी होत गेली, तसतशी ती तज्ज्ञांची झाली.

१९७० च्या दशकातली पिढी जास्त तिखट होती. अमेरिकेतल्या ज्युडी चेंबरलिन यांनी १९७८ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात, रुग्णांनीच रुग्णांसाठी चालवलेल्या पर्यायी सेवांची बाजू मांडली. अपंगांच्या हक्क चळवळीतली ‘आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नाही’ ही घोषणा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातही आली. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. अपंगांशी संबंधित कायदे आणि धोरणं ठरवताना त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करणं सरकारांवर बंधनकारक आहे, असं या करारात लिहिलेलं आहे. दीर्घकालीन मानसिक आजारही त्यात येतो. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली आणि मग जुना १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा बदलणं भागच पडलं.

एरवाडीच्या साखळ्या

भारतात या विषयाला एक तारीख चिकटली आहे, ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडी इथं दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवासात पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जणांचा जीव गेला.

सर्वोच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली, बेकायदा निवास बंद झाले, राज्यांकडून अहवाल मागवले गेले. पण त्या माणसांना तिथं नेणाऱ्या नातेवाइकांना सरकारी रुग्णालयापेक्षा दर्गा का जवळचा वाटला, रुग्णालयात पूर्वी गेलेल्यांना तिथं काय अनुभव आला होता, हे प्रश्न त्या वेळच्या चर्चेत मागेच राहिले. सेवा लोकांपर्यंत का पोहोचत नाही, हे सेवा टाळणाऱ्यालाच विचारावं लागतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक विकार होता. वेगवेगळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. याचं कारण म्हणून डॉक्टरांची कमतरता सांगितली जाते आणि ती खरीच आहे. पण एकदा येऊन परत न आलेल्यांचं काय? समजा, एखादा माणूस तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून जिल्हा रुग्णालयात येतो. केसपेपरच्या रांगेत तास जातो, ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, औषध पंधरा दिवसांचं मिळतं. म्हणजे महिन्यात दोन रोज बुडणार. गोळीनं सकाळी डोळे उघडत नाहीत, हे सांगायचं राहूनच जातं. तिसऱ्या खेपेला तो येत नाही. रुग्णालयाच्या नोंदीत तो ‘उपचार सोडलेला’. शुभार्थींच्या बैठकीत बसलं, तर हीच गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि उपायही तिथंच सुचतो. औषध महिन्याचं द्या, किंवा गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ठेवा.

मुक्तांगणनं हे आधीच केलं होतं

महाराष्ट्राला ही कल्पना परदेशातून शिकावी लागली असं म्हणता येत नाही. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभारलं आणि पु. ल. देशपांडे यांची त्याला मदत होती. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथं पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून काम करू लागली. दारू सोडण्याच्या तिसऱ्या दिवशी हात कापतात, चौथ्या दिवशी ‘मी आता बरा झालो, घरी सोडा’ असं वाटतं, हे पुस्तकात असतंच. पण ‘मलाही असंच वाटलं होतं’ असं समोरचा म्हणाला की गोष्ट वेगळी होते. थापा मारायची सोय राहत नाही, कारण समोरच्यानं त्या सगळ्या थापा आधी स्वतः मारलेल्या असतात.

या पद्धतीचं मूळ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दारू सोडू पाहणाऱ्या दोन माणसांच्या भेटीतून ही संघटना सुरू झाली. मुक्तांगणनं त्याला मराठी घराची जोड दिली. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण घरातल्या बाईचा अनुभव हाही स्वानुभवच आहे आणि तो नवऱ्याच्या अनुभवापेक्षा वेगळा आहे.

व्यसनाच्या बाबतीत समाजानं हे जितक्या सहज स्वीकारलं, तितक्या सहज स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकाराच्या बाबतीत स्वीकारलं नाही. दारू सोडलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला तर टाळ्या पडतात. स्किझोफ्रेनियाची औषधं घेत असलेला माणूस उभा राहिला तर लोक त्याच्या हाताच्या थरथरीकडे बघतात. ती थरथर बहुतेक वेळा औषधाची असते.

स्किझोफ्रेनियासाठी पुण्यात काम सुरू झालं, तेही घरच्या अनुभवातूनच. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४ चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट बनण्यामागे त्यांचा हात होता. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला त्यातला शेष पाहून अनेक मराठी घरांना आपल्याकडच्या एखाद्या काकाचं किंवा आत्याचं वागणं पहिल्यांदा उलगडलं. संस्थेचे स्वमदत गट आणि दिवसभराचं पुनर्वसन केंद्र ही कामं शुभंकरांच्या गरजेतून उभी राहिली.

भार्गवी दावर यांचा मार्ग आणखी वेगळा होता. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांचा अनुभव होता आणि लहानपणी त्यांनी तो जवळून पाहिला होता. १९९९ मध्ये त्यांनी पुण्यात बापू ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टचा ‘सेहेर’ हा उपक्रम पुण्यातल्या वस्त्यांमध्ये चालतो. रुग्णालयाच्या दारात माणूस येण्याची वाट न बघता शेजार, कुटुंब, रोजगार, जेवण आणि मन यांचा एकत्र विचार तिथं केला जातो. २०१७ च्या कायद्यावर टीका करणाऱ्यांमध्ये दावर आघाडीवर होत्या. संमतीशिवाय दाखल करण्याची वाट या कायद्यानंही उघडीच ठेवली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. आक्षेपाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कायद्यात खुर्ची आहे, पण कुणासाठी?

मानसिक आरोग्य सेवा कायदा ७ एप्रिल २०१७ रोजी मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. सहभागाच्या दृष्टीनं त्यात दोन जागा महत्त्वाच्या आहेत आणि त्यांतला फरक फारसा कुणी सांगत नाही.

पहिली जागा म्हणजे केंद्र आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, तपासणी ही कामं या प्राधिकरणांची. त्यात मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, काळजी घेणाऱ्यांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन असे सदस्य असावेत, असं कायदा स्पष्ट सांगतो. तीन गट, तिघांना वेगवेगळ्या खुर्च्या.

दुसरी जागा म्हणजे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. दाखल झालेल्या माणसाची तक्रार, ‘मला इथं डांबून ठेवलंय, सोडा’ हा अर्ज, हे सगळं या मंडळापुढे येतं. त्यात सहा जण असतात. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती, एक जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आणखी दोन सदस्य. हे दोन कोण? कायद्याची भाषा अशी आहे की ते मानसिक आजार असलेल्या व्यक्ती किंवा काळजीवाहक किंवा त्यांच्या संघटनांचे किंवा या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतील.

या ‘किंवा’मध्येच सगळी गोम आहे. दोन्ही खुर्च्यांवर संस्थाचालक बसले, तरी कायदा मोडत नाही. म्हणजे ज्या मंडळापुढे रुग्णाच्या स्वातंत्र्याचा फैसला होतो, तिथंच रुग्णाचा आवाज असण्याची खात्री नाही. काळजीवाहक असला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. अनेकदा काहीच बिघडत नाही. पण दाखल करण्याचा निर्णय बहुधा घरच्यांनीच घेतलेला असतो आणि अर्ज त्याच निर्णयाविरुद्ध असतो. सहा खुर्च्यांमध्ये त्या बाजूनं कधीकाळी राहिलेलं कुणीच नसेल, तर सुनावणी एकतर्फी वाटणारच.

महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे होऊनही वर्षानुवर्षं तिथंच राहिलेल्या लोकांचा प्रश्न न्यायालयात वारंवार गेला. बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत किंवा वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं कायद्याची अंमलबजावणी आणि बरे होऊनही घरी न गेलेले रुग्ण, या दोन्हींबद्दल राज्याकडे विचारणा केली. या लोकांना नेमकं कुठं आणि कसं राहायचंय, हे त्यांना विचारल्याशिवाय कसं ठरणार? कुणाला घरी जायचं असतं. कुणाला घर सोडून कुठंही चालेल. सरकारी फाइलमध्ये मात्र दोघेही ‘पुनर्वसन प्रलंबित’.

गुजरातमध्ये काय झालं?

सहभाग चांगला, हे म्हणायला सोपं आहे. त्यानं खरंच फरक पडतो का?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये ‘क्वालिटीराइट्स’ नावाची तपासणी पद्धत तयार केली. मनोरुग्णालयाचा दर्जा खाटा आणि कर्मचारी मोजून ठरवण्याऐवजी तिथं माणसाचे हक्क पाळले जातात का, हे ती पाहते. तपासणी करणाऱ्या गटात डॉक्टर आणि वकिलांबरोबर स्वानुभवी व्यक्ती आणि नातेवाईक असावेत, ही तिची अट. असा माणूस वॉर्डात शिरला की वेगळ्या गोष्टी तपासतो. संडासाला आतून कडी आहे का? फोन करायचा तर कुणाला विचारावं लागतं? तक्रारपेटी कुठं आहे आणि तिची किल्ली कुणाकडे?

२०१४ ते २०१६ या काळात गुजरातच्या सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांमध्ये ही पद्धत राबवली गेली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र यात पुढे होतं. डॉ. सौमित्र पठारे आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. सहा केंद्रांत हा कार्यक्रम होता आणि तुलनेसाठी घेतलेल्या तीन केंद्रांत नव्हता. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, रुग्णांचे परस्पर मदत गट, बरं होण्याची स्वतःची योजना रुग्णानं स्वतः आखणं, असं त्याचं स्वरूप होतं.

निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात या सहा केंद्रांमधला सेवेचा दर्जा लक्षणीय सुधारला. कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे बघण्याचा दृष्टिकोन बराच बदलला. नातेवाइकांना ओझं काहीसं कमी झाल्यासारखं वाटलं. रुग्णांना स्वतःला जास्त बळ आणि जास्त समाधान वाटलं, पण हा बदल आकारानं अगदी लहान होता. बातम्यांमध्ये हा शेवटचा भाग सहसा गळतो. कर्मचारी बदलतात, भिंती बदलतात, आणि रुग्णाच्या मनापर्यंत ते झिरपायला वेळ लागतो. एका वर्षात त्याहून जास्त अपेक्षा ठेवणंही कदाचित चुकीचंच.

इंग्लंडमधला २०१८ चा एक प्रयोग यापेक्षा ठाशीव आहे. मानसिक आरोग्याच्या तातडीच्या सेवेतून घरी सोडलेल्या ४४१ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला स्वतःची काळजी घेण्याची वही फक्त पोस्टानं दिली. दुसऱ्या गटाला तीच वही भरायला मदत करण्यासाठी स्वानुभवी सहकारी मिळाला, जास्तीत जास्त दहा भेटींसाठी. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३८ टक्के लोकांना पुन्हा तातडीच्या सेवेत यावं लागलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण २९ टक्के होतं. वही दोघांकडे होती. फरक पडला तो सोबतीमुळे.

इतर अभ्यासांत चित्र संमिश्र आहे. आशा, आत्मविश्वास वाढलेला दिसतो, लक्षणं कमी झालेली दरवेळी दिसत नाहीत. त्यामुळे स्वानुभवी सहकारी हा डॉक्टरला किंवा औषधाला पर्याय आहे, असा दावा कुणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणखी एक गल्लत नेहमी होते. नाशिकच्या पेठ तालुक्यात सुरू होऊन गुजरातेत गेलेला ‘आत्मीयता’ किंवा गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचे प्रयोग यांत गावातले साधे स्त्री-पुरुष प्रशिक्षण घेऊन समुपदेशन करतात. ते काम मोलाचं आहे. पण ते स्वयंसेवक समाजातले आहेत म्हणून निवडले जातात, आजारातून गेलेले आहेत म्हणून नाही. दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या की आकडे फुगतात.

‘तुमची गोष्ट सांगा’ म्हणजे सहभाग नाही

२०१५ मध्ये दीपिका पदुकोण हिनं नैराश्याबद्दल उघडपणे बोलल्यानंतर आपल्याकडे मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांत स्वानुभव सांगण्याची पद्धत रुळली. त्यानं लाज कमी झाली, हे खरंच. इन्स्टाग्रामवर आज कितीतरी तरुण आपल्या गोळ्यांच्या डब्याचे फोटो टाकतात. वीस वर्षांपूर्वी लोक औषधाच्या पट्टीवरचं नाव खरवडून टाकायचे.

पण कार्यक्रमाचा साचा एकच झालाय. आधी तज्ज्ञांचं भाषण, मग ‘एका योद्ध्याची कहाणी’, रडू, टाळ्या, फोटो, शाल-श्रीफळ. ओपीडीची वेळ बदलावी का, बजेट कुठं जावं, हे ठरवणारी बैठक दुसऱ्या दिवशी होते आणि तिचं आमंत्रण त्या योद्ध्याला नसतं. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त समजावलं किंवा गोंजारलं जातं, मधल्या पायऱ्यांवर त्यांचं ऐकलं जातं, वरच्या पायऱ्यांवर निर्णय त्यांच्या हातात असतो. शाल-श्रीफळाची जागा या शिडीवर कुठं, ते वेगळं सांगायला नको.

बैठकीत बोलावलं तरी अडचणी संपत नाहीत. रात्रीच्या औषधामुळे अनेकांना सकाळी अकरापर्यंत गुंगी असते आणि सरकारी बैठका नेमक्या अकराला. कागदपत्रं इंग्रजीत. प्रवासखर्च नंतर मिळणार, तोही बिलं जोडली तर. बाकी सगळे पगारी वेळेत आलेले आणि हा माणूस रोज बुडवून. शिवाय तो एकटाच. दहा तज्ज्ञांमध्ये एकट्या शुभार्थीनं वेगळं मत मांडलं आणि आवाज जरा चढला, तर ‘आज तब्येत बरी दिसत नाही’ असं म्हणायला कुणी मागेपुढे पाहत नाही. रागावलेल्या डॉक्टरच्या तब्येतीची चौकशी मात्र कुणी करत नाही. म्हणूनच कायद्यानं एका ऐवजी दोन खुर्च्या दिल्या, हे बरंच झालं.

नाव उघड करण्याची किंमतही कमी नाही. समितीच्या यादीत ‘मानसिक आजारातून गेलेली व्यक्ती’ म्हणून नाव छापलं की ते गूगलवर कायमचं राहतं. नोकरीच्या मुलाखतीआधी, लग्नाची बोलणी सुरू असताना ते कुणीही शोधू शकतं. परिणामी जे पुढे येऊ शकतात ते बहुधा शहरातले, शिकलेले, घरचं पाठबळ असलेले. मेळघाटातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या बाईचं नाव यादीत सहसा येत नाही. ‘हे सगळ्यांचे प्रतिनिधी कसे?’ असा प्रश्न मग अधिकारी विचारतात आणि तो चुकीचा नाही. फक्त तोच प्रश्न एका मानसोपचारतज्ज्ञाला ‘तुम्ही देशातल्या सगळ्या मानसोपचारतज्ज्ञांचे प्रतिनिधी का?’ असा विचारला जात नाही.

मानधनाचाही प्रश्न आहेच. स्वानुभवी सहकाऱ्याचं काम दमवणारं असतं. समोरच्याचं ऐकताना स्वतःच्या जुन्या जखमा उघडतात, कधी स्वतःचा आजारही उलटतो. अशा वेळी रजा, पगार, बोलायला एक वरिष्ठ माणूस, हे सगळं लागतं. ‘सेवाभाव’ म्हणून फुकट राबवून घेतलं की वर्षभरात माणूस थकून निघून जातो, आणि अहवालात लिहिलं जातं की हे लोक टिकत नाहीत.

सामान्य माणसाच्या हातात आज काय आहे?

समितीवर जाणं प्रत्येकाला जमणार नाही. पण स्वतःच्या उपचारात वाटा घेणं, हाही सहभागच आहे आणि त्याचा हक्क कायद्यानं दिलाय.

कोणतीही प्रौढ व्यक्ती, पूर्वी आजार झालेला असो वा नसो, पुढे कधी आजारामुळे निर्णय घेता आले नाहीत तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवू शकते. याला आगाऊ निर्देश म्हणतात. आपल्या वतीनं बोलणारा माणूसही निवडता येतो. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो, आणि तो माणूस नवरा, बायको किंवा आई-वडीलच असला पाहिजे असं नाही. विश्वासातली मैत्रीणही चालते. स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मागता येतात. मोफत कायदेशीर मदत मिळते. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता विजेचे झटके देणं आणि कुणालाही साखळीनं बांधणं, या दोन्हींना सक्त मनाई आहे.

तातडीनं कुणाशी बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मराठीतही बोलता येतं.

तक्रार असेल, तर पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करायला फी लागत नाही. अर्ज स्वतः रुग्ण करू शकतो, त्यानं निवडलेला प्रतिनिधी करू शकतो किंवा रुग्णाच्या संमतीनं एखादी नोंदणीकृत संस्था. आत दाखल असलेल्या माणसाकडे कागद-पेन नसेल, तर मंडळ त्याचा अर्ज तोंडी किंवा फोनवरूनही घेऊ शकतं. त्यासाठी वॉर्डात एक चालू फोन असावा लागतो, आणि तो कुठं आहे हे आतल्या माणसाला माहीत असावं लागतं.